रिकाम्या प्लेटचा रंग

८ जानेवारी

प्रिय ठमे,

हे फोनवर बोलता येत नाही म्हणून पत्र लिहितेय. आपला फोन दुकानात, दुकानात तुझे दादा, आणि तुझ्या दादांचे कान कसे आहेत ते तुला सांगायला नको. घड्याळ नुसतं कानाला लावून आत काय बिनसलंय ते सांगणारा माणूस. मी मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसून पुटपुटले तरी तिकडून उत्तर येतं.

तर यांच्या हातांबद्दल. दोन्ही हातांची बोटं सुजलीत. सकाळी मूठ वळत नाही, शर्टाची बटणं मी लावून देते. वर मलाच ऐकवतात, की काजं घट्ट शिवतेस. गेल्या आठवड्यात डोळ्याला भिंग लावून बसले होते, तर घड्याळातली केसाएवढी कमान, ती बारीक स्प्रिंग, चिमट्यातून निसटली. अर्धा तास आम्ही दोघं जमिनीवर रांगत होतो. शेवटी माझ्या चपलेला चिकटलेली सापडली. तेव्हापासून बायकांची लहान घड्याळं आली की हे बघतही नाहीत. ‘पार्ट मिळत नाहीत हल्ली’ म्हणून परत करतात. पार्ट डब्या भरभरून पडलेत, ठमे. मला सगळं दिसतं.

चौकातल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी सूज थोडी उतरते, पण पोटात आग पडते. मग जेवणावर राग, जेवणावरचा राग माझ्यावर.

मागच्या खेपेला तू ठेवून गेलेलं तुझं घड्याळ अजून खणातच आहे. दुसऱ्या कुणाकडे टाकते म्हटलं तर अंगावर आले. ‘ठमीचं घड्याळ मीच उघडणार’ म्हणे. यांची ती सवय आठवते ना? दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, दुसऱ्या कारागिराने उघडलं तरच दिसते. गेले दोन महिने एकाही झाकणावर तारीख नाही. सुईच धरता येत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेत पानांपासून सुजेवरचं औषध काढतात असं तू सांगत होतीस. त्यातलं थोडं पाठव. मी मागितलं असं यांना कळू देऊ नकोस.

तुझी
वहिनी

१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

मी इस्त्री करते म्हणून तू माझ्याकडे लोखंडाची खाण मागावीस, तसं झालं हे. आम्ही औषध करत नाही गं. औषध होईल का, याचा नुसता अंदाज घेतो. होईपर्यंत वीस वर्षं जातात आणि बहुतेक वेळा होतच नाही.

तरी तू विचारलंच आहेस तर ऐक. आमच्याकडे एक कडू पान आहे. वाळवायचं, दळायचं, त्याचा अर्क काढायचा, अर्क आटवून पूड करायची. तपकिरी, चहाच्या पत्तीसारखी दिसते. मग तिची परीक्षा घ्यायची. पहिली परीक्षा गंजाची. म्हणजे लोखंडाला जसा गंज चढतो तसाच शरीरातल्या पेशींनाही आतून चढत असतो, आणि काही झाडांत तो रोखायचा गुण असतो. बाजारात हल्ली प्रत्येक डब्यावर ‘अँटिऑक्सिडंट’ छापतात, तेच ते. जांभळ्या पाण्यात आमच्या पुडीचा थेंब टाकला की रंग उडून पाणी पिवळं पडतं. जितकं लवकर पिवळं, तितका गुण मोठा. आमची पूड टाकली की डोळ्याची पापणी लवायच्या आत पाणी पिवळं.

दुसरी परीक्षा सुजेची. एक प्लास्टिकची प्लेट असते, तिला शहाण्णव खळगे, प्रत्येक तुझ्या काजाएवढा. त्यांत जिवंत पेशी वाढवायच्या. त्यांना विष टोचलं की त्या चवताळतात आणि नाही नाही ते पाझरायला लागतात. सूज म्हणजे तेच. त्यावर आमची पूड घातली की सगळ्या शांत. मग तिसरी परीक्षा, त्या जिवंत आहेत ना याची. पिवळा रंग घालायचा, तो जिवंत पेशींनी जांभळा केला म्हणजे सगळं ठीक. आमच्या पेशी शांतही होत्या आणि जांभळ्याही. सर इतके खूश झाले की आम्हा सगळ्यांना चहा पाजला. आता त्यावर लेख लिहून पाठवलाय.

पण हे सगळं प्लेटमध्ये, वहिनी. दादा म्हणजे काही प्लेट नव्हे. आणि आमच्याकडे कोणतीही गोष्ट तीनदा करून बघितल्याशिवाय सर वहीवर सही करत नाहीत. माणसांवर तर ती एकदाही करून बघितलेली नाही. तेव्हा मागू नकोस. दादाला म्हणावं, हात गरम पाण्यात बुडवून बसत जा.

तुझी
ठमी

२ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. म्हणजे मीही शास्त्रज्ञ झाले की.

गरम पाण्यात हात बुडवून काही झालं नाही. काल एक म्हातारी आली होती, घड्याळात नुसता सेल घालायचा होता. हे झाकण उघडायला गेले आणि उघडेना. दोनदा, तीनदा केलं. शेवटी तिनेच त्यांच्या हातातून घेतलं आणि नखाने उघडून परत दिलं. चांगली होती बिचारी. हे मात्र आत आले, मशीनजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘पाटी काढून टाकतो.’ मग तोंड भिंतीकडे केलं. यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. सासूबाई गेल्या तेव्हाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं या माणसाने.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या, उवा मी काढल्या. आम्हाला मूल झालं नाही, त्याचं फारसं वाटलं नाही ते तू होतीस म्हणून. मी कधी तुझ्याकडे काही मागितलंय का ते आठवून बघ.

शेवटी ते पानच ना? पानं तर शेळ्याही खातात. गोळ्यांनी पोट जळतंय ते चालतं आणि झाडाच्या पानाला एवढं भ्यायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

नाही पाठवलंस तरी मी रागावणार नाही. एवढंच की आता मला कळत नाहीये काय करायचं.

वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सोबत डबी आहे. आत प्लास्टिकचा छोटा चमचा ठेवलाय. दिवसातून एकदा, जेवणानंतर, एकच चमचा, सपाट. शीग लावून नाही. डॉक्टरांच्या गोळ्या अजिबात बंद करायच्या नाहीत. काहीही वेगळं वाटलं तर थांबवायचं आणि मला कळवायचं. दादाला काय सांगायचं ते तू ठरव.

आणि वहिनी, कुणालाही सांगायचं नाही. चौकातल्या डॉक्टरांना नाही, कुणालाच नाही. ही पूड बाहेर काढली म्हणून माझी नोकरी जाईल आणि दुसरीकडेही कुणी दारात उभं करणार नाही. सरांना ठाऊक नाही. मला शब्द दे.

डबी दोनदा बांधली आणि दोनदा सोडली. मग म्हटलं, तीन परीक्षा उत्तम पास झालेली आहे, आणि चमचा तर एवढासा. तुझं ते भिंतीकडच्या तोंडाचं वाक्य डोक्यातून जातच नाही.

तुझी
ठमी

६ मार्च

माझ्या गुणाच्या ठमे,

शब्द दिला, कधीच दिला.

आता ऐक. पहिले आठ दिवस काही नाही. मग एके दिवशी सकाळी हे बाहेर आले ते शर्टाची बटणं लावून. मी बघतच राहिले. वर तोंड करून मला विचारतात, ‘काय झालं, उलटी लावलीत का?’ बोटांची सूज अर्ध्याहून जास्त उतरली आहे. लग्नातली अंगठी दीड वर्ष खणात होती, ती बोटात गेली आणि बाहेरही आली. गेल्या आठवड्यात बायकांची तीन घड्याळं केली. मी मुद्दाम झाकण उघडून बघितलं, तारीख आहे. थोडी वेडीवाकडी, पण आहे.

यांना सांगितलंय, की ठमीने पाचक पाठवलंय. पोटाचं नाव काढलं की हा माणूस काहीही गिळतो.

मला काय वाटतंय ते लिहून सांगता येत नाही. देवाने सोडलं होतं तिथे तू धरलंस. पूड संपत आली आहे, आणखी पाठव.

तुझी
वहिनी

१५ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी दुपारच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून वाचलं आणि मग चक्क नाचले. वरून सर येत होते. त्यांना वाटलं पगारवाढीचं कळलं की काय हिला.

दुसरी डबी पाठवतेय. पण पूड एवढ्यात कशी संपली? माझ्या हिशेबाने मार्चअखेरपर्यंत पुरायला हवी होती. चमचा सपाटच घेतेस ना? आणि गोळ्यांचं तू काहीच लिहिलं नाहीस. त्या चालू आहेत ना?

इकडे आमचा लेख परत आलाय. नाकारला नाही, पण परीक्षकांनी खुसपटं काढलीत. त्यातलं एक तर गंमतच आहे. म्हणे, प्लेटमध्ये पेशी न घालता नुसती पूड आणि तो पिवळा रंग घालून दाखवा. म्हणजे रिकाम्या प्लेटची परीक्षा. पेशीच नसतील तर रंग बदलणार कोण? सर म्हणाले, करून टाक, त्यांचं समाधान. करीन सवडीने. कामाचा ढीग पडलाय आणि यांना रिकामी भांडी बघायची हौस.

दादाला म्हणावं, आता माझं घड्याळ काढ खणातून.

तुझी
ठमी

४ एप्रिल

प्रिय ठमे,

पत्राला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही घडतच नाही म्हणून झाला, याहून चांगली गोष्ट कोणती?

तुझं घड्याळ यांनी उघडलंय. रोज थोडं थोडं करतात. एकदम बसवत नाही, दमतात. दुपारी जेवून आडवे होतात ते पाचपर्यंत. पूर्वी दिवसा झोपणाऱ्यांना नावं ठेवणारे हे. आता मीच म्हणते झोपू दे, वर्षभर दुखण्याने नीट झोप कुठे मिळाली होती.

आणि शांत किती झालेत म्हणून सांगू. रेडिओवरच्या बातम्यांना शिव्या देत नाहीत. भाजीत मीठ कमी की जास्त ते बोलत नाहीत. तसं जेवणच दोन घासांवर आलंय, पण हातापायांत जोर कमी असला तरी कुरकुर म्हणून नाही. अंगाला खाज सुटते, तेवढंच. साबण बदलला. पंचवीस वर्षांत इतका शांत नवरा मला मिळाला नव्हता. शेजारीण म्हणाली, यांचा रंग जरा पिवळट दिसतोय. तो दुकानातला दिवा पिवळा आहे, त्याखाली सगळेच काविळीचे दिसतात. दिवा बदलायचाय.

गोळ्यांचं विचारलंस. रागावू नकोस. त्या फेब्रुवारीतच बंद केल्या. पोटाला त्रास आणि तुझ्या पुडीने काम होतंय, मग कशाला? आणि पूड लवकर संपली कारण मी दोन वेळा देते. एकाने एवढा फरक पडला तर म्हटलं दोनाने लवकर बरे होतील. दुसरी डबी जपून वापरतेय.

तू उन्हाळ्यात ये. तुझ्या हातात तुझं घड्याळ यांनी स्वतः बांधायचं ठरवलंय.

वहिनी

२१ एप्रिल

वहिनी,

पूड ताबडतोब बंद कर. हे वाचून होईपर्यंतही थांबू नकोस, आधी डबी उचल आणि दादाला मोठ्या दवाखान्यात ने. डबी डॉक्टरांच्या हातात दे. माझं नाव सांग, पत्ता सांग, नोकरी गेली खड्ड्यात. काल सकाळपासून दुकानाचा फोन लावतेय, वाजतो आणि कुणी उचलत नाही. म्हणून तातडीच्या टपालाने हे पाठवतेय.

आज कळलं. ती रिकामी प्लेट केली. पेशी एकसुद्धा नव्हती तिच्यात, वहिनी. नुसती पूड आणि पिवळा रंग. आणि प्लेट जांभळी झाली. पूडच रंग बदलते, जिवंत पेशींची गरजच नाही. गंज रोखणारा तोच गुण, जो आम्ही मिरवत होतो, तोच पहिल्या परीक्षेत जांभळ्याचं पिवळं करतो आणि तिसरीत पिवळ्याचं जांभळं. म्हणजे आमच्या पेशी जिवंत होत्या असं त्या रंगाने कधी सांगितलंच नव्हतं. मग मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. मेलेल्या होत्या. आमची पूड सूज उतरवत नव्हती. त्या शांत होत्या कारण त्या मेल्या होत्या. दादाच्या बोटांतही तेच झालं असणार.

तुझं पत्र समोर आहे. झोप, खाज, भूक नाही, पिवळा रंग. दिवा बदलू नकोस. त्याला उन्हात उभं कर आणि डोळे बघ.

ठमी

२ जून

ठमे,

आज दीड महिन्याने दुकान उघडलं, मधे आत पाऊलही टाकलं नव्हतं. उघडणार नव्हते, पण एकजण त्याचं घड्याळ मागायला आला. खूप दिवस येऊन परत जात होता बिचारा.

शटर वर केलं तर दाराखालून सरकवलेलं टपाल पडलेलं. विजेचं बिल, कसलीशी जाहिरात आणि तुझं पत्र. एकवीस एप्रिलचं. मी तिथेच यांच्या स्टुलावर बसून वाचलं. तो माणूस उभाच होता. त्याला म्हटलं, उद्या या.

एकोणीस तारखेला यांना भरती केलं. सकाळी उठून मला विचारलं, ‘दुकान कुठल्या बाजूला आहे?’ मला वाटलं चेष्टा करतायत. घाईत नुसतं शटर ओढलं ते ओढलं. तुला बावीसला दवाखान्यातून फोन केला, तू चोवीसला पोचलीस, सत्तावीसला हे गेले. हे सगळं तुलाही माहीत आहे. तरी लिहिते, कारण त्या दिवसांचं आपण एकमेकींशी काहीच बोललो नाही.

त्या डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा विचारलं. झाडपाल्याचं काही? कसली पूड, काढा, कुणी दिलेलं? दोनदा तू यायच्या आधी आणि तिसऱ्यांदा तू माझ्या शेजारी उभी होतीस तेव्हा. मी तीनही वेळा नाही म्हणाले. तुला शब्द दिला होता. तिसऱ्या वेळी मात्र मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं, ठमी शिकलेली आहे, तिला यातलं कळतं, ती गप्प आहे म्हणजे पुडीचा काही संबंध नसणार. माझ्या जिवाला तेवढाच आधार वाटला. आता हे पत्र हातात घेऊन बसले आहे आणि कळतंय, की तू येण्याआधी तीन दिवस हे लिहून टपालात टाकलं होतंस.

बाई म्हणाल्या होत्या, काय घेतलंय ते कळलं असतं तर, आणि आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर, काहीतरी करता आलं असतं. तेव्हा मी ते कानावर घेतलं नाही.

मी माझं सांगते. गोळ्या मी बंद केल्या. दोन वेळा मी दिलं. पिवळा दिवा मी म्हणाले. शेजारणीला दिसलं आणि मला दिसलं नाही, कारण मला शांत नवरा हवा होता. हे माझं आहे आणि ते मी कुणावर ढकलणार नाही.

आता तुझं. पत्रात ‘आज कळलं’ लिहिलंस. पण चौदा तारखेला तू दुकानात फोन केला होतास. मी बाजारात गेले होते. हे म्हणाले, ‘ठमीचा फोन होता. कसा आहेस, हात कसे आहेत, एवढंच विचारलं. मग नुसतीच धरून राहिली. रडत होती की काय कोण जाणे.’ आम्ही दोघं त्यावर हसलो. म्हटलं, हिचं कुठेतरी जमलं वाटतं.

तुला खरं कधी कळलं? तारीख कळव. बाकी काही लिहू नकोस.

वहिनी

११ जून

वहिनी,

९ एप्रिल.

बाकी लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. फाडून टाकलंस तरी चालेल.

नऊ तारखेला दुपारी प्लेट जांभळी झाली. संध्याकाळी खोलीवर आले तर दाराशी तुझं पत्र, शांत नवऱ्याचं. मी ते वाचलं आणि मला लगेच समजलं. ‘कदाचित’ वगैरे काही नाही, समजलं. पण मी स्वतःला सांगितलं, की एकदा झालंय, तीनदा करून बघू. तीनदा झाल्याशिवाय खरं मानायचं नाही हा आमचा नियम. पेशी वाढवून, पूड घालून, मोजून, एक फेरी चार दिवसांची. तेराला दुसऱ्यांदा, सतराला तिसऱ्यांदा, आणि एकवीसला मी चौथ्यांदा करत होते.  एखाद्या वेळी तरी वेगळं निघेल असं वाटत होतं.

डबी पाठवताना मी असलं काही केलं नव्हतं. माणसावर एकदाही बघितलेलं नाही हे मीच तुला लिहिलं होतं, आणि त्यानंतर पंचवीस दिवसांत पाठवलं. चांगल्या निकालावर मी लगेच विश्वास ठेवला. वाईटाला मात्र पुरावा मागत बसले.

चौदाला फोन केला तो सांगायलाच. दादाने उचलला. म्हणाला, ‘ठमे, हात बघशील तर थक्क होशील, तुझ्या पाचकाने बोटंसुद्धा पचवली.’ मला ते तोडवलं नाही. मी म्हटलं, उद्या वहिनीला सांगेन. मग उद्या सोळा झाली.

दवाखान्यात तू नाही म्हणालीस तेव्हा मी खिडकीबाहेर बघत नव्हते. काचेत तू दिसत होतीस, मी तुलाच बघत होते. तुझ्या ‘नाही’वरून कळलं, की माझं पत्र तुला मिळालेलं नाही, आणि ते तुझ्यासमोर स्वतः म्हणायला मी धजले नाही. तोंड उघडलं असतं तर तेव्हाही काही दिवस हातात होते का ते मला माहीत नाही. सोय म्हणून माहीत नाही असं म्हणत नाही, खरंच माहीत नाही.

नोंदवही सरांपुढे ठेवली, डबीसकट सगळं सांगितलं. लेख मागे घेतला. मला काढतील ते काढोत. त्या डॉक्टरीणबाईंनाही सगळं लिहून पाठवलंय, कुणी दुसरा असा आला तर त्यांना ओळखता यावं म्हणून.

माफी मागायला मला तोंड नाही.

ठमी

२३ जून

ठमे,

तारीख मिळाली.

सोबत तुझं घड्याळ पाठवते आहे. त्या माणसाचं घड्याळ शोधताना खणात सापडलं. पूर्ण झालेलं होतं, कागदात गुंडाळून वर ‘ठमी’ लिहून ठेवलेलं. चावी दिली आणि कानाला लावून बघितलं. मला त्यातलं काय कळतंय, पण चालतंय.

झाकण मी उघडलं. आत तारीख आहे, ११ एप्रिल. त्यांचं भिंग लावून नीट बघितली. मार्चमधल्यासारखी वेडीवाकडी नाही, एकेक रेघ जागच्या जागी आहे. हात अगदी स्थिर होता त्या दिवशी. म्हणजे तुला कळल्यावर दोन दिवसांनी. तू दुसरी फेरी लावून बसली होतीस तेव्हा.

मी तुला शिव्या देणार नाही. तुझ्या वेण्या घातलेले हात आहेत हे, त्यांनी तसलं लिहवत नाही. पण इकडे येऊ नकोस. निदान मी बोलवेपर्यंत येऊ नकोस, आणि मी बोलवीन की नाही ते मला ठाऊक नाही.

घड्याळ हातात घाल. हे बांधणार होते, ते राहिलं. जुनं, चावीचं आहे. रोज सकाळी चावी द्यावी लागते, नाहीतर बंद पडतं. देत जा.

वहिनी